वाढवलेली भूमिती

तोरणे सरांनी बटण दाबलं आणि मान कलती करून ऐकत राहिले. पंखा फिरू लागला. आतली डिस्क खरखरली. थोड्या वेळानं स्पीकरमधून एक गोड सूर वाजला, मोठ्या हॉटेलात लिफ्ट थांबल्यावर वाजतो तसा.

"मामा, पिपाणी वाजली नाही," सर म्हणाले.

"आत्ता वाजलं की काहीतरी."

"हे नव्हे. बाईंची पिपाणी."

त्यांनी बटण दाबून धरलं, कॉम्प्युटर बंद केला आणि परत चालू केला. पुन्हा तोच गोड सूर. सरांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. गाडीच्या आरशात त्यांचा चेहरा मी रोज बघायचो. इतका उतरलेला कधी बघितला नव्हता.

मालन जाऊन महिना होत आला होता. त्या दिवशी मी तिचं सामान न्यायला शाळेत आलो होतो. शाल, डबा, खुर्चीखालच्या चपला. ते पिशवीत भरून मी निघणार होतो. सर म्हणाले, मामा, थांबा जरा, आता आलाच आहात तर भूमिती कुठवर झालीय ते बघू. म्हणून थांबलो.

मालन माझी बायको. लहानपणी गोवरात तिचे डोळे गेले. वडिलांचं फलटणला बांगड्यांचं दुकान. संध्याकाळी वडील दुकान वाढवायचे तेव्हा ही पाटावर बसून बांगड्यांचे जोड लावून द्यायची. गिऱ्हाईक बाईचा हात नुसता हातात घेतला की माप सांगायची. पुढं शिकली आणि आमच्या गावच्या अंधशाळेत गणिताची शिक्षिका झाली. मी त्याच शाळेची गाडी चालवायचो. नववीत शाळा सोडलेला माणूस मी. लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "ब्रेक हळू मारता तुम्ही. माणूस बरा असणार." तोरणे सर तिच्यापेक्षा पुष्कळ लहान, तेही पूर्ण अंध. दहावीला गणित तेच शिकवायचे.

पिपाणीचं सांगतो. मालनच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. त्यात वाचून दाखवणारा आवाज फुकट मिळतो, म्हणून पुण्याच्या एका गृहस्थांनी ते बसवून दिलं होतं. पण तो आवाज उशिरा उठतो. त्याच्या आधी एक छोटा प्रोग्रॅम उठतो. पुढं कोणाला उठवायचं ते ठरवायचं, त्याला उठवायचं आणि आपण बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. त्याला बूट लोडर म्हणतात. तो मुका असतो. डोळस माणसाला पडद्यावर त्याची यादी दिसते, आंधळ्याला काहीच कळत नाही. म्हणून मालननं त्याच्यात सूर भरला होता. लोडर उठला की कॉम्प्युटरच्या डब्यातनं जत्रेतल्या पिपाणीसारखं पी-पी-पीऽ वाजायचं. मुलं हसायची. "बाई, कॉम्प्युटरचं लगीन लागलं," म्हणायची.

"लोडर गेला," सर म्हणाले. "कोणीतरी विंडोज टाकलंय यात. बाबरभाऊंना बोलवा."

बाबरभाऊ आमचे हेडक्लार्क. माणूस मनानं वाईट नाही. शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, आणि प्रत्येक वाक्याला तुमची शपथ.

"मामा, तुमची शपथ, चांगल्यासाठीच केलं मी," ते दारातूनच म्हणाले. "खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा केली. हार घातले, हळदकुंकू वाहिलं. एकेक मशिन चालू करून बघितलं. बाईंचा चालू केला तर पी-पी-पी-पी. आणि पडद्यावर काळोख. कॉम्प्युटर पी-पी करायला लागला की आतलं काहीतरी गेलं, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं."

"पडद्याची वायर बाईंनी काढून ठेवली होती," सर म्हणाले. "त्यांना पडदा कशाला लागतोय?"

बाबरभाऊंनी माझ्याकडं बघितलं.

"ते मला कसं कळणार, सर? मला वाटलं बाई गेल्या, त्यांच्या मागोमाग हाही गेला. दुकानात नेऊन दाखवला. तो म्हणाला, हे भलतंच काहीतरी आहे, यात तुमचं ऑफिसचं काम होणार नाही, विंडोज टाकून देतो. म्हटलं टाक. हार मात्र मी त्याला काढू दिला नाही."

हार अजून डब्यावर होता. झेंडू वाळून काळे पडले होते.

"हार राहिला," सर म्हणाले. "आधीचं पुसलं का त्यानं सगळं?"

"पुसलं म्हणजे?"

"फॉरमॅट केलं का, भाऊ?"

"ते मला कळत नाही. पण मधूनमधून तो विचारतो, अमुक जागा फॉरमॅट करायची का म्हणून. मी आपला नको म्हणतो. दुकानवाला म्हणाला, एकदा येऊन हो करून देतो, जागा मोकळी होईल."

सर उठून उभे राहिले. खुर्ची मागं पडली.

"त्याला फोन करा. सांगा येऊ नको. आणि तुम्ही कोणीही याला हात लावू नका. काहीही विचारलं तरी नको म्हणा."

"मी नकोच म्हणतोय की, तुमची शपथ."

सर एवढे का घाबरले ते सांगायला हवं. दहावीचं गणित दोन भागात असतं, बीजगणित आणि भूमिती. बीजगणित मालननं आदल्या वर्षीच ब्रेलमध्ये उतरवून छापून दिलं होतं. भूमिती आमच्या शाळेत कोणी करतच नव्हतं. मुलांना बोर्डाच्या सवलतीतनं दुसरा सोपा विषय घ्यायला लावायचे. तोरणे सर स्वतः शाळेत होते तेव्हा त्यांच्या ब्रेल पुस्तकात आकृतीच्या जागी एक ओळ असायची, 'आकृती वगळली आहे.' पान उलटलं की परत तीच ओळ. सर म्हणायचे, माझी सगळी भूमिती ही एका वाक्याची आहे. त्यांनी दहावीच्या मुलांना शब्द दिला होता की या वर्षी तुम्हाला ती ओळ वाचावी लागणार नाही. बाई पुस्तक करतायत, आकृत्यांसकट. मुलांनी घरी सांगितलं होतं. मुख्याध्यापिका घोरपडेबाई मात्र म्हणाल्या होत्या, सोमवारी मला छापलेलं पुस्तक टेबलावर दिसलं तर मुलं भूमितीला बसतील. नाहीतर दुसरा विषय. अर्धं वर्ष गेलंय, मुलांच्या निकालाशी मी खेळणार नाही.

ते पुस्तक फक्त या कॉम्प्युटरवर होतं.

आकृत्या करायची आमची एक पद्धत होती. शाळा सुटली की तिच्या खोलीत मी छापील पुस्तक उघडायचो. तिचं बोट धरून चित्रावर ठेवायचो आणि रेषेवरनं न्यायचो. कागद गुळगुळीत, तिच्या बोटाला काही लागायचं नाही. हात कुठं वळला तेवढंच तिला कळायचं. सोबत मी बोलायचो. मला भूमितीचे शब्द येत नव्हते, म्हणून गाडीचे वापरायचो. "बीपासनं निघालो, सरळ रस्ता, सीला पोचलो. आता सीपासनं घाट चढायचा. टोकाला ए. एपासनं उतार, खाली परत बी."

"उतार तीव्र आहे का चढापेक्षा?"

"चढ खंबाटकीसारखा आहे. उतार निवांत."

मग ती कळा बडवायची. ठिपक्या-ठिपक्यांनी आकृती ब्रेल छापायच्या मशिनमधनं कागदावर उठायची. मी डोळे मिटून बोटानं तपासायचो. चुकलं की ती म्हणायची, "ड्रायव्हर झोपला होता वाटतं." असे आम्ही समरूप त्रिकोणांपर्यंत आलो, ते मला माहीत होतं. मग तिचं पोट दुखायला लागलं आणि आमच्या संध्याकाळी दवाखान्यात जायला लागल्या. त्यानंतर तिनं एकटीनं किती केलं याचा मला अंदाज नव्हता. पण तिनं पुढं नेलंय हे पक्कं माहीत होतं, कारण तिनंच सांगितलं होतं.

गणपती बसले होते तेव्हाची गोष्ट. ऑपरेशनसाठी कराडला ॲडमिट करायचं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आधी शाळेत घ्या. थोडं काम आहे."

"आता कसलं काम? परत आल्यावर कर."

"पाच मिनिटांचं आहे."

मी फाटकात गाडी चालू ठेवून थांबलो. ती आत गेली आणि भिंतीला हात लावत परत आली. बसली. गाव मागं पडल्यावर म्हणाली, "भूमिती वाढवली मी."

मला बरं वाटलं. इतकं दुखत असताना हिला काम सुचतंय, म्हणजे जोर आहे अजून. "बरं केलंस," म्हणालो.

थोड्या वेळानं म्हणाली, "सरांना सांगा."

"सांगतो की. खूष होतील."

दवाखान्यातून मी सरांना फोन केला. "भूमिती वाढवलीय म्हणाली." सर फोनवर हसले. "वर्तुळाच्या पुढं गेल्या की काय बाई! मामा, माणूस आहे का मशिन?" ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं उशीवर मान वळवली.

रविवारी शाळा रिकामी होती. आम्ही सकाळीच खोली उघडली. सरांकडं लिनक्सची एक सीडी होती. तिच्यावर मालननं ब्रेलची पट्टी चिकटवली होती, 'अडचण.'

"मामा, बेत असा," सर म्हणाले. "डिस्कवर दोन खोल्या आहेत असं समजा. एकीत विंडोज राहायला आलंय. दुसरीत बाईंचं सामान असावं. विंडोजनं येताना पुढचा दरवाजा आपल्या नावावर करून घेतला. आपण सीडीवरनं मागच्या बाजूनं आत शिरायचं आणि लोडर परत दरवाजात नेऊन बसवायचा."

"आणि सामान नसलंच तर?"

"तर घोरपडेबाईंना तोंड दाखवायचं."

पहिलं काम माझं होतं. कॉम्प्युटर सीडीवरून उठवायला सुरुवातीला एक कळ दाबावी लागते आणि तिथली यादी बोलत नाही. मी वाचायचं. माझं इंग्रजी पाट्यांपुरतं. एकेक अक्षर लावत सांगत होतो.

"एच, डी, डी."

"ती डिस्क. खाली."

"यू, एस, बी."

"खाली."

"सी, डी, मग रेघ, आर, ओ, एम."

"हां. मारा एन्टर. लग्नाच्या पत्रिका तरी अशाच वाचता का?"

"पत्रिकेत जेवणाची वेळ तेवढी वाचतो."

सीडी गरगरली. सरांनी दोन-तीन कळा एकदम दाबल्या आणि तो आवाज आला. बायकी नाही, पुरुषी नाही, पत्र्याचा डबा बोलावा तसा. मालन त्याच्याबरोबर दिवसभर असायची. महिनाभरानं तो पहिल्यांदा ऐकला. मी खिडकीकडं जाऊन उभा राहिलो.

सर हुकूम लिहीत होते. डिस्कचे भाग मोजून दाखव, असा पहिला हुकूम. आवाज इतक्या भरभर बोलत होता की मला एक शब्द कळेना. सर मान डोलावत ऐकत होते. मग एकदम थांबले, मागं गेले, तेच परत ऐकलं.

"आहे," म्हणाले.

"काय?"

"पाचवा भाग. लिनक्सचा. दुकानवाल्यानं मोकळी जागा बघून विंडोज टाकलंय. बाईंच्या खोलीला हात नाही लावला." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "बाबरभाऊ रोज नको म्हणत राहिले म्हणून वाचलं, मामा. त्यांना शिव्या द्यायची सोय राहिली नाही."

त्यांनी तो भाग जोडून घेतला, आत शिरले आणि लोडर बसवायचा हुकूम दिला. आवाज काहीतरी फटकन बोलला. सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"नाही म्हणतोय. म्हणतोय मी उभा आहे ती जागाच मला सापडत नाही."

"म्हणजे गेलं?"

"नाही हो. माझीच घाई. आत शिरण्याआधी मशिनची यंत्रं आत जोडून घ्यायची असतात. डिस्कच दिसत नाही तर तो बसणार कुठं? बाहेर येतो, परत जातो."

ते बाहेर आले. एकेक ओळ तोंडानं पुटपुटत लिहायला लागले. तेवढ्यात बाबरभाऊ वडापाव आणि चहाची किटली घेऊन आले.

"काय मामा, इंजिनियर झालात म्हणे."

"क्लीनर आहे मी. इंजिनियर ते बसलेत."

"सर, होईल ना? माझ्या डोक्याला ताप झालाय. बायको म्हणते, पूजा तरी धड करा."

"भाऊ, गप बसा," सर म्हणाले. "आता परत हुकूम देतोय."

बाबरभाऊंच्या हातात किटली तशीच. सरांनी एन्टर मारला. बराच वेळ डिस्क खरखरत होती. मग आवाज बोलला. ते मात्र मला कळलं, कारण तो हळू बोलल्यासारखा वाटला. नो एरर.

"बसला," सर म्हणाले. "आता त्याला दोघांची नावं सांगतो. विंडोजचंही सांगतो, भाऊंच्या कामाला हवंच."

आणखी एक हुकूम झाला. सीडी बाहेर काढली. सरांनी कॉम्प्युटर बंद केला. चालू करायला त्यांनी माझा हात धरून बटणावर ठेवला.

"तुम्ही दाबा."

मी दाबलं. पंखा फिरला. डिस्क खरखरली. काही वाजेना. बाबरभाऊ देवाचं नाव घ्यायला लागले. आणि मग डब्यातनं पी-पी-पीऽ झालं.

बाबरभाऊंनी किटली खाली ठेवून टाळ्याच वाजवल्या. सर हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं. "सूर बाईंच्याच खोलीत लिहून ठेवलेला होता," ते म्हणाले. "लोडरनं तिथनं उचलला. आपण काही केलं नाही."

मी वडापाव खाल्ला. महिनाभरात अन्नाला चव लागली ती त्या दिवशी. बाबरभाऊ मशिनमध्ये कागद भरायला लागले. मोठे कागद, छपाईचे. म्हणाले, "तुम्ही नुसतं सांगा, मी रात्रीपर्यंत छापून शिवून देतो. उद्या घोरपडेबाईंच्या टेबलावर."

सरांनी मालनचं कपाट उघडलं. कपाट म्हणजे कॉम्प्युटरमधलं. आवाज एकेक नाव वाचू लागला. दहावी बीजगणित. नववी गणित. गाणी. पाढे. प्रश्नपत्रिका. वाढवलेले.

"भूमिती नाही," सर म्हणाले.

त्यांनी परत वाचून घेतलं. नववीत बघितलं. बीजगणितात बघितलं. मग म्हणाले, "हां, हे 'वाढवलेले'. यातच असणार. वाढवलंय म्हणाल्या होत्या ना तुम्हाला."

"हो."

ते आत गेले. आवाज वाचू लागला. सातवी गणित. आठवी विज्ञान. संस्कृत सुबोध. दहावी भूमिती.

"मिळाली!" बाबरभाऊ म्हणाले.

सरांनी यादी परत पहिल्यापासून वाचायला लावली. एकेक नावापाशी थांबत होते.

"सातवीचं हे गणित जुन्या अभ्यासक्रमाचं आहे," ते हळूहळू म्हणाले. "बदलून किती वर्षं झाली. विज्ञानाचंही तसंच. संस्कृतचा वर्गच शाळेनं बंद केला. ही सगळी बंद पडलेली पुस्तकं आहेत, मामा. यांच्यात भूमिती कशाला ठेवली?"

त्यांनी भूमिती उघडली. प्रकरणं होती. पहिलं, दुसरं, समरूप त्रिकोण. तिथं संपलं. पुढं काही नव्हतं. मी तिच्या बोटाला धरून शेवटचा घाट चढवला होता, तिथंच. त्यानंतर एक ओळही वाढली नव्हती. सरांनी या फोल्डरला शेवटचा हात कधी लागला ते काढलं. ती तारीख आम्ही कराडला गेलो त्या दिवसाची होती.

"मग वाढवली म्हणाल्या ते काय?" सरांनी मला विचारलं.

मी कॉटवर बसलो. त्या खोलीत मुलांना बरं वाटेनासं झालं की निजवायला एक लोखंडी कॉट होती.

कासाराच्या घरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. बांगडी वाढली म्हणतात. सगळेच म्हणतात, पण त्यांच्याकडं ते फार कडक होतं. सासरे दुकान बंद करत नसत, वाढवत. कुंकू संपायचं नाही, वाढायचं. मालननं ते घरात आणलं होतं आणि सगळ्याला लावलं होतं. गॅसचा सिलिंडर वाढला. रॉकेल वाढलं. आमच्या घरात मूल राहिलं नाही, तेव्हा तिनं विणायला घेतलेलं टोपडं ट्रंकेत ठेवलं आणि म्हणाली होती, "वाढवून ठेवते." तेव्हा मला नीट कळलं होतं.

पुस्तकाचं तसं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुस्तक वाढवलं म्हणजे मोठं केलं, हेच मी धरलं. सरांनीही तेच धरलं.

मी सरांना ते सांगितलं. बाबरभाऊंच्या हातात कागदांचा गठ्ठा तसाच होता. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला.

"म्हणजे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं," सर म्हणाले.

डॉक्टरांनी मला ऑपरेशननंतर सांगितलं. पोट उघडलं आणि तसंच शिवलं, आता घरी न्या, म्हणाले. मालनला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती गाडीत बसली तेव्हाच तिला माहीत होतं. पाच मिनिटं आत जाऊन तिनं दुकान वाढवलं आणि बाहेर येऊन मला तसं सांगितलं. सरांना सांगा म्हणाली, म्हणजे त्यांनी मुलांना वेळेत दुसरा विषय द्यावा. मी बरं केलंस म्हणालो.

सरांनी आवाज बंद केला.

सोमवारी सरांनी घोरपडेबाईंना जाऊन सांगितलं की पुस्तक अर्धं आहे. घोरपडेबाई वाईट बोलल्या नाहीत. मुलांना दुसरा विषय मिळाला. सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी बाहेर गाडी पुसत होतो. एक मुलगी म्हणाली, "सर, मग जेवढी आहे तेवढी तरी शिकवा." सरांनी तेवढी शिकवली. समरूप त्रिकोणांपर्यंत. परीक्षेला तिचा उपयोग नव्हता.

दिवाळीनंतर सर घरी आले. म्हणाले, "मामा, कॉम्प्युटर चालू आहे, मशिन चालू आहे, मी आहे, तुम्ही आहात. पुढचं आपण करू. पुढल्या वर्षीच्या मुलांना तरी मिळेल."

मी हो म्हणालो. शाळा सुटल्यावर आम्ही खोलीत बसलो. मी छापील पुस्तक काढलं. वर्तुळाचं प्रकरण उघडलं. सरांचं बोट धरलं. त्यांचं बोट जाड, नखाशी खडूची पूड. ते मी चित्रावर ठेवलं.

"हं," सर म्हणाले. "बोला. कुठनं निघालो?"

मी रेषेवरनं त्यांचं बोट थोडं सरकवलं आणि थांबलो. सर वाट बघत राहिले. नंतर त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "राहू दे आज." आणखी दोनदा बसलो. तेच झालं. पुढं त्यांची बदली झाली आणि मी निवृत्त झालो.

मधल्या काळात बोर्डाची पुस्तकं बदलली. नवं पुस्तक मी विकत आणलंय. वर्तुळाचं प्रकरण त्यातही आहे आणि पहिली आकृती तीच आहे. आमच्या शाळेत भूमिती अजून सुरू झालेली नाही. ती आकृती मला अजून कोणालाही सांगता आलेली नाही.